बसण्याची बखर

मराठी भाषा ही मुळात बसलेल्या माणसांनी, बसल्या जागी, बहुधा तक्क्याला टेकून घडवलेली असावी, असा मला फार दिवसांचा संशय आहे. आपल्याकडे जे जे म्हणून चांगलं होतं ते बसतं. धंद्यात जम बसतो, संसाराची घडी बसते, परगावी बस्तान बसतं, माणसावर विश्वास बसतो, गायकाचा सूर बसतो. राजा गादीवर बसतो, गणपती मखरात बसतो आणि लग्न ठरतं तेही बैठकीत. उलट चालणाऱ्याच्या वाट्याला काय आलंय बघा: पायपीट, तंगडतोड, वणवण, रखडपट्टी. नोकरीसाठी जोडे झिजवायचे, कचेरीत खेटे घालायचे आणि म्हातारपणी 'उभा जन्म उन्हातान्हात गेला' म्हणून उसासा टाकायचा. कधीकधी फटकाही बसतो, घसाही बसतो आणि चांगला चाललेला धंदाही बसतो, हे मला मान्य आहे. पण एकूण हिशेब मांडला तर भाषेनं कौल दिलाय तो बसणाऱ्यालाच.

पाहुणा दारात आला की आपला पहिला शब्द 'या' आणि दुसरा 'बसा'. तो उभाच राहिला तर घरातल्या सगळ्यांचा जीव कासावीस होतो. एकजण खुर्ची सरकवतो, दुसरा तिच्यावरचं वर्तमानपत्र उचलतो, तिसरा 'अहो, बसा की' म्हणतो, आणि पाहुणा 'नाही, निघतोच' असं म्हणत म्हणत शेवटी टेकतो, तेव्हा कुठे सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. मग दोन तासांनी तो उठला की त्याच्यावर पुन्हा हल्ला होतो: 'एवढ्यात? बसा की अजून!'

अशा भाषेत वाढलेल्या मध्यमवर्गानं आयुष्याचं ध्येयही बसण्यातच शोधलं तर त्यात नवल नाही. बसून खायला मिळणं हा पूर्वजन्मीच्या पुण्याचा भाग. ते नशिबात नसेल तर निदान बसून कमवायला तरी मिळावं, एवढी माफक अपेक्षा.

आमच्या घरात या तत्त्वज्ञानाचे दोन नमुने हजर होते. वडील मुंबईला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांना खुर्ची होती आणि तीही हातांची. बिनहातांच्या खुर्चीवरून हातांच्या खुर्चीवर जायला त्यांना अकरा वर्षं लागली होती, आणि ती मिळाली त्या दिवशी घरी पेढे आले होते. फाईल शिपाई आणून देई, पाणी शिपाई आणून देई. टेबलावरच्या घंटीवर तळहात मारणं, एवढाच काय तो व्यायाम.

दुसरा नमुना म्हणजे मामा. आईचा धाकटा भाऊ. तो 'बेस्ट'मध्ये कंडक्टर होता. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी, आणि पंच टिकटिकवत दिवसभर उभा. पगारात जमीनअस्मानाचा फरक नव्हता, पण मानात होता. लग्नकार्यात वडिलांना पहिल्या पंक्तीला पाट आणि मामा वाढायला. आजी 'माझं पोर दिवसभर उभं असतं गं' असं म्हणून डोळ्यांना पदर लावायची. वडील चेष्टेनं विचारायचे, "काय कंडक्टरसाहेब, आज तरी बसणार का?" आणि मामा दाराच्या चौकटीला टेकून, बशीत चहा ओतत म्हणायचा, "भाऊजी, मी बसलो तर तिकीट कोण फाडणार?"

१९६२ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, वडिलांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. त्या काळच्या रीतीप्रमाणे डॉक्टरांनी सहा आठवडे पलंगावरून पाय खाली ठेवायची बंदी केली. मामा ड्यूटी संपली की आमचे चार मजले चढून यायचा आणि त्यांना पेपर वाचून दाखवायचा, अर्थात उभ्यानं. चार वर्षांनी वडील गेले. हातांची खुर्ची त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळाली, आणि त्याच्याही घरी बहुतेक पेढे आले असतील. मामा मात्र अठ्ठ्याऐंशी वर्षं जगला.

आता एक वडील आणि एक मामा एवढ्यावरून शास्त्र उभं राहत नाही, हे मलाही कळतं. वडिलांना सिगारेट लागायची, मामाला सुपारीसुद्धा लागत नसे. वडील रात्री फायलींची काळजी करत, मामा पाठ टेकताक्षणी घोरत असे. शास्त्र उभं करायचं तर निदान ३० हजार वडील आणि मामा लागतात. आणि नवल असं, की तेवढे जमवून, मोजून, त्यांचा हिशेब छापून झाला होता. आमच्या घरी हे सगळं घडलं त्याच्या नऊ वर्षं आधी, लंडनमध्ये. पण बखर म्हटली की ती मूळपुरुषापासून सांगायला हवी, म्हणून आधी थोडं इटलीला जाऊन येऊ. बसल्या बसल्याच जायचंय, काळजी नको.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्यानं १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्या काळी प्रतिष्ठित वैद्य नाडी, जीभ आणि रोग्याची थैली पाहून औषध देत. हा गृहस्थ सरळ लोकांच्या कारखान्यांत शिरायचा. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत त्यानं एका प्रश्नाची भर घातली: 'तू काम काय करतोस?' साधा प्रश्न, पण त्याआधी तो विचारावा असं कुणाला सुचलं नव्हतं. त्यानं बसून काम करणाऱ्यांवर एक प्रकरणच लिहिलं. त्यात मुख्य मंडळी शिंपी आणि चांभार. सणाच्या दिवशी हे लोक दोघादोघांच्या रांगेनं मिरवणुकीत निघाले की वाकलेल्या पाठी, गोल झालेले खांदे आणि लंगडती चाल पाहून हसू येतं, असं तो लिहितो. हसून झाल्यावर तो उपायही सांगतो: बाबांनो, निदान सुट्टीच्या दिवशी तरी शरीर हलवा. पुढे १७१३ च्या आवृत्तीत त्यानं लेखनिकांचीही दखल घेतली. सतत बसणं, तोच तो हात चालवणं आणि चूक होईल या धास्तीनं डोकं तापणं, ही त्यांच्या दुखण्याची तीन कारणं. आमच्या वडिलांना न भेटता त्यानं त्यांचं इतकं अचूक वर्णन केलेलं पाहून मला भरून आलं.

रामाझ्झिनीनंतर अडीचशे वर्षं हा प्रश्न जवळपास तसाच बसून राहिला. माणसं मात्र दरम्यान फार पुढे गेली, म्हणजे खुर्चीत गेली. यंत्रं आली, कचेऱ्या आल्या, मोटारी आल्या. दुसरं महायुद्ध संपलं तोवर इंग्लंडात हृदयविकाराचे झटके भराभर वाढताना दिसू लागले होते, आणि का वाढताहेत हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

तेव्हा जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरानं हे कोडं हातात घेतलं. जन्म १९१० चा, लहानपण ग्लासगोत गेलेलं. १९४८ साली सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळानं त्याच्या हाती एक छोटा विभाग दिला होता. निरनिराळे धंदे करणाऱ्यांत झटक्यांचं प्रमाण वेगवेगळं आहे का, हे त्याला पाहायचं होतं. आणि त्याची नजर गेली ती लंडनच्या दुमजली लाल बसवर.

बसमध्ये दोन माणसं. ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघं एकाच थरातले, एकाच तऱ्हेच्या वस्तीत राहणारे, एकाच मालकाचे नोकर. फरक एवढाच, की ड्रायव्हर आपल्या पाळीतला नव्वद टक्के वेळ बसलेला आणि कंडक्टर सतत वरखाली करणारा. तो दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. हा आकडा आला कुठून? तर मॉरिसच्या माणसांनी बसमध्ये तासन्‌तास बसून तो मोजला. चालण्याचे फायदे सिद्ध करायलाही शेवटी कुणाला तरी बसावंच लागलं! मराठीत 'बस' हा गाडीचाही शब्द आहे आणि बसण्याचाही, हे मॉरिसला ठाऊक असतं तर त्याला या योगायोगाची फार मौज वाटली असती.

१९४९ आणि १९५० या दोन वर्षांतली, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० कामगारांची नोंद त्यानं तपासली. ड्रायव्हरांत वर्षाला हजारी २.७ जणांना हृदयविकार होत होता, कंडक्टरांत १.९ जणांना. शिवाय कंडक्टरांना तो होई तो उतारवयात, आणि झाला तरी त्यातून उठण्याची शक्यता अधिक. झटका आल्यावर लवकरच दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांत दुपटीहून जास्त होतं.

असा आकडा हाती आल्यावर तुम्ही-आम्ही त्याच संध्याकाळी पत्रकार परिषद भरवली असती. मॉरिसला धास्ती वाटली. ड्रायव्हरच्या डोक्याला ताप असतो. लंडनची रहदारी, सायकलवाले, मध्येच आडवी येणारी म्हातारी. झटका बसण्यामुळे येत नसून त्या म्हातारीमुळे येत असेल तर? म्हणून त्यानं टपाल खात्याचीही माणसं पाहिली. एकीकडे पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन, दुसरीकडे बसून काम करणारे कारकून आणि टेलिफोन जोडून देणारे. तिथेही तोच प्रकार. दारोदार वणवण करणारा पोस्टमन सुरक्षित आणि पंख्याखाली बसलेला कारकून धोक्यात. तेव्हा कुठे १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात तो निष्कर्ष छापून आला.

या बखरीतलं मला सर्वांत प्रिय प्रकरण पुढचं आहे. त्याचा नायक आहे विजार. लंडनच्या बसकामगारांना गणवेश कंपनीकडून मिळे, त्यामुळे कुणाच्या कमरेचं माप किती हे शिंप्याच्या वहीत नोंदलेलं. मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती मापंच अभ्यासाला घेतली आणि १९५६ साली गणवेशांवर एक निबंध लिहिला. दरएक वयोगटात ड्रायव्हरची विजार कंडक्टरच्या विजारीपेक्षा रुंद निघाली. पण इथेच एक खोच होती. पंचविशी-तिशीतल्या ड्रायव्हरांची विजारही आधीपासून थोडी रुंदच होती! म्हणजे बसून माणूस जाडा होतो, की जाडा माणूस बसायची नोकरी शोधतो? हा प्रश्न त्यानं लपवला नाही, उलट स्वतःच चव्हाट्यावर मांडला. पुढच्या काही वर्षांत त्यानं तेही तपासलं. तेव्हा असं दिसलं, की ड्रायव्हर सडपातळ असो की गरगरीत, अचानक मरण येण्याचा धोका त्याला कंडक्टरपेक्षा जास्तच. विजार साक्षीदार होती, गुन्हेगार ती एकटी नव्हती.

हे मी वाचलं तेव्हा मला राहून राहून एकाच गोष्टीचं नवल वाटलं. त्या कंडक्टरांपैकी कुणीही व्यायाम करत नव्हता. 'आज पाचशे पायऱ्या चढून हृदयाचं कल्याण करावं' असा संकल्प सोडून घरून निघालेला एकही नव्हता. वरच्या मजल्यावरचा एखादा इसम तिकीट न काढता उतरून जाईल, एवढीच त्याला चिंता. तो पुण्य करत नव्हता, पोट भरत होता. त्याचं आरोग्य त्या वळणदार जिन्यात ठेवलेलं होतं, आणि तो जिना बस बांधणाऱ्यानं बांधला होता.

मग बसणाऱ्यांना काही आशाच नाही का? मॉरिसनं तोही शोध घेतला. १९६८ पासून त्यानं सुमारे १७,००० सरकारी अधिकारी गाठले. वय ४० ते ६४, काम बसून. सोमवारी सकाळी कचेरीत आल्या आल्या त्यांच्या हातात एक कागद द्यायचा आणि शुक्रवारी व शनिवारी काय काय केलं ते पाच-पाच मिनिटांच्या हिशेबानं लिहून घ्यायचं. सोमवारी सकाळी सरकारी माणसाला असं काही काम दिलं तर तो किती आनंदानं करील, याची आपल्याला कल्पना आहे. १९७३ साली निष्कर्ष आला: सुट्टीत पोहणारे, बागेत कुदळ मारणारे, झपाझप चालणारे, म्हणजे दम लागेल असं काही करणारे जे होते, त्यांना धोका इतरांच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे रामाझ्झिनीचा सुट्टीच्या दिवसाचा सल्ला २७३ वर्षांनी पुराव्यानिशी मंजूर झाला. सरकारी काम आहे, वेळ लागायचाच.

मॉरिसचा आपल्याच आकड्यांवर विश्वास बसला, आणि तो स्वतः उठला. पळू लागला, पोहू लागला. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर कोट काढून हा गृहस्थ धावताना दिसे तेव्हा लोकांना त्याच्या डोक्यात बिघाड झाल्यासारखं वाटे. २००९ साली तो गेला तेव्हा शंभरीला काही महिनेच कमी होते.

डॉक्टरांवरून आठवलं. आमच्या वडिलांना सहा आठवडे पलंगावर ठेवणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. जगभर तीच पद्धत होती. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाऊन या दोन डॉक्टरांनी झटका आलेल्या रोग्यांना लवकरच पलंगावरून उतरवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा ते मोठंच धाडस समजलं गेलं. खुर्चीच्या वकिलांनी ही साक्ष जपून ठेवावी. निजलेल्यापेक्षा बसलेला बरा, एवढं खुर्चीच्या बाजूनं सिद्ध झालेलं आहे.

आता एवढा शोध लागल्यावर शहाण्या जगानं काय करायला हवं होतं? कंडक्टरला हार घालून सगळ्या धंद्यांत एकेक जिना बसवायला हवा होता. जगानं कंडक्टरच काढून टाकला. लंडनमध्ये ड्रायव्हरच तिकीट देईल अशा बस वाढत गेल्या. मागून चढायच्या, कंडक्टरवाल्या रूटमास्टर गाड्यांची नेहमीची सेवा ९ डिसेंबर २००५ ला संपली. म्हणजे दोघांपैकी दीर्घायुषी ठरलेली नोकरी बंद झाली आणि धोक्याची ठरलेली तेवढी शिल्लक राहिली.

आपल्या मुंबईत डबलडेकर आली १९३७ साली. मामा सांगायचा, की आपल्याकडे वरच्या मजल्याला एक आणि खालच्याला एक असे दोन कंडक्टर असतात, त्यामुळे लंडनच्या भाईबंदाइतक्या पायऱ्या त्याच्या वाट्याला येत नसत. पण गर्दीतून वाट काढत पुढच्या सीटपर्यंत जाणं आणि परत येणं, याला मल्लखांबाइतकेच गुण द्यायला हवेत. डिझेलवरची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला निवृत्त झाली. त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या गार हवेच्या नव्या डबलडेकर आल्या. मामा ती निवृत्ती पाहायला नव्हता, तेच बरं.

नोकरीतून जिना गेला, तसा तो घरातूनही गेला. या बाबतीत मला आजीचं स्वयंपाकघर आठवतं. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, विळी जमिनीवर, जेवणाचे पाट जमिनीवर. मीठ मात्र फळीवर. त्यामुळे दर दोन मिनिटांनी उठणं आणि बसणं. पुढे ओटा आला, मग डायनिंग टेबल आलं, आणि गुडघे कुरकुरू लागले. याबद्दल अलीकडे एक मजेदार गोष्ट कळली. टांझानियातल्या हाडझा जमातीचे लोक अजून शिकार करून आणि कंदमुळं खणून राहतात. त्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ही माणसं दिवसभर धावत असतील असा आपला समज, पण तेही दिवसातले जवळजवळ दहा तास आरामात घालवतात! फरक असा, की ते खुर्चीत बसत नाहीत. उकिडवे बसतात, गुडघ्यांवर बसतात, आणि तसं बसताना पायांचे स्नायू काम करतच राहतात. खुर्चीत बसलं की पायांना सुट्टी मिळते. हाडझांचं बसणं हे आपल्या आजीच्या बसण्याचं चुलत भावंड आहे.

लगेच कुणी 'जुनं तेच सोनं' म्हणत उठायला नको. आजीला जातं ओढताना आनंद होत होता असं सांगणाऱ्यांनी कधी पहाटे उठून पायली दळलेली नसते. ती दिवसभर उठत-बसत होती, कारण तिला कुणी बसू देत नव्हतं. कंडक्टरच्या पायांच्या शिरा फुगायच्या, हमालाची पाठ मोडायची. घरात कष्ट उपसायचे बायकांनी आणि बाहेर गोरगरिबांनी, आणि बसायचं मात्र आमच्या वडिलांसारख्यांनी, असा तो हिशेब होता. त्या कष्टांतून सुटका झाली ती चांगलीच झाली. फक्त टोपलीतला कचरा फेकताना त्यात आईची नथही गेली, तसं झालं. कष्टांबरोबर हालचालही गेली, आणि ती आता पैसे भरून परत विकत घ्यावी लागते आहे.

विकणारेही तयारच होते. टोकियोचं ऑलिंपिक १९६४ साली झालं आणि पुढच्याच वर्षी जपानमधल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मोजक. आज आपण दहा हजार पावलं वेदवाक्यासारखी मानतो, त्यांचा उगम हा असा दुकानाच्या पाटीत आहे. पुढे २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १७,००० बायकांची पावलं मोजली गेली. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्याच पुष्कळ सुरक्षित निघाल्या, आणि ७,५०० च्या आसपास पुढचा फायदा थांबला. हे कळल्यावर मला अडीच हजार पावलं बक्षीस मिळाल्याचा आनंद झाला.

माझ्या मुलानंही मला पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं आहे. ते मनगटावर असतं, त्यामुळे पायांपेक्षा हातांवर त्याचा विश्वास जास्त. आरतीला मनापासून टाळ्या वाजवल्या की माझ्या खात्यावर दीड-दोनशे पावलं जमा होतात. पण मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घट्ट धरून आलो, की घड्याळाच्या मते मी घरीच होतो. दर तासाला ते मनगटाला गुदगुल्या करून 'उठा' म्हणतं. सत्तर वर्षं सगळ्यांनी मला 'बसा' म्हटलं. 'उठा' म्हणणारं हे पहिलंच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, की मोठ्या माणसानं आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटं बेताची तरी हालचाल करावी. म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं झपझप चालणं. आणि २०२२ चे आकडे असे, की जगातली ३१ टक्के मोठी माणसं एवढंही करत नाहीत. भारतात तर जवळजवळ निम्मी. त्यातही पुरुष ४२ टक्के आणि बायका ५७ टक्के. हे आकडे छापून आले तेव्हा पुष्कळांनी भारतीय माणसाच्या आळसावर अग्रलेख लिहिले, अर्थात बसून. पण मला मॉरिसचा कंडक्टर आठवला. तो आळशी नव्हता म्हणून चढत नव्हता, समोर जिना होता म्हणून चढत होता. आपल्या गावांत बाईमाणसानं संध्याकाळी वीस मिनिटं चालायचं म्हटलं, तर चालायचं कुठे? पदपथावर मोटरसायकली, भजीची गाडी, उघडं गटार आणि वर्षानुवर्षं खणून ठेवलेला खड्डा. दिवे असले तर लागत नाहीत. घरातलं सगळं उरकून ती बाहेर पडणार, तर तिला धाडस करावं लागतं, आणि रोज धाडस करणं कुणाला जमतं? माणसांना उपदेश करणं स्वस्त असतं, पदपथ महाग पडतो. म्हणून उपदेश पुष्कळ आहे.

आमच्या पाच मजली इमारतीत गेल्या पावसाळ्यात लिफ्ट नऊ दिवस बंद पडली. पहिल्या दिवशी हाहाकार झाला. दुसऱ्या दिवशी लोक जिन्यात एकमेकांना भेटू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कीर्तनं करतात, हे मला सात वर्षांनी तिथे, दोघंही कठड्याला धरून दम खात असताना कळलं. पाचव्या दिवशी पहिल्या मजल्यावर कुणीतरी पाण्याचा माठ ठेवला. पण चौथ्या मजल्यावरच्या आजींना, ज्यांचे दोन्ही गुडघे बदललेत, नऊ दिवस घरात कोंडून राहावं लागलं. तेव्हा लिफ्ट हवीच. जिन्याची हालत मात्र आम्हाला सगळ्यांनाच त्या नऊ दिवसांत पहिल्यांदा दिसली: दोन दिवे गेलेले, कठडा हलणारा, आणि वळणावर कुणाची तरी मोडकी सायकल, पिंप आणि गेल्या दिवाळीचा आकाशकंदील.

लिफ्ट सुरू झाल्यावर सोसायटीची बैठक बसली. मी ठराव मांडला, की जिन्यात दिवे लावावेत, कठडा पक्का करावा आणि सामान हलवावं, म्हणजे ज्याला चढायचं त्याला चढता येईल. चर्चा तासभर झाली. शेवटी चेअरमन म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं जे असतील त्यांनी कृपया उभं राहावं."

सगळ्यांनी बसल्या जागी हात वर केले. ठराव एकमतानं मंजूर झाला. दिवे लागले आहेत, सायकल हलली आहे. कठड्याचं काम दिवाळीनंतर बसवून देतो, असं सुतारानं सांगितलं आहे.